मामूंची भीती

आमच्या सरकारी जीपचे ड्रायव्हर मामू भित्रे होते आणि ते उघड सांगत. "बाई, मला भ्या वाटतंय म्हणून तर तुमी जित्त्या हायसा," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं. सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी नवी नर्स. आजऱ्याकडच्या गावांतल्या अडलेल्या बाळंतिणींना कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात पोचवायचं, हे आमचं दोघांचं काम.

गाडी चालवताना मामू रस्ता बोलून दाखवत. "शेण ताजं हाय, वळणापल्याड जनावरं असणार." "कडंच्या म्हातारीनं हॉर्नला मान वळवली न्हाय, तिला ऐकू येत नसंल." मला काही दिसायच्या आत त्यांचा पाय ब्रेकवर असे. हळूहळू ती भीती मलाही लागली. सुट्टीत एस.टी.तून माहेरी जाताना माझे पाय ब्रेक दाबावा तसे आपोआप खालच्या फळीवर दाबले जात.

एका श्रावणात दोन दिवस कळा देणारी सून आणि तिची सासू घेऊन आम्ही निघालो होतो. सुनेची नाडी क्षीण होत चालली होती. सरळ, मोकळ्या रस्त्यावर मामूंनी गाडी उभी केली.

"का थांबलात?"

"मघाधरनं समोरनं एकबी गाडी आली न्हाय."

"बरंच आहे की. लवकर पोचू."

"आज बाजार हाय, बाई. येष्टी तरी यायला पायजे हुती."

ते उतरून पुढच्या वळणापर्यंत चालत गेले. सासू माझा पदर ओढत होती, "पोरगी जाईल वो माझी." मी मामूंना मनात नाही नाही ते बोलले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वळणापलीकडचा ओढ्यावरचा पूल मधोमध खचला होता. गाडी मागे घेऊन त्यांनी आडवाटेनं शहर गाठलं. मुलगी झाली, दोघी वाचल्या.

अशी दहा-बारा वर्षं गेली. एकदा डावीकडून म्हैस आली आणि मामू काहीच बोलले नाहीत. "मामू, म्हैस," मी ओरडले तेव्हा ती बॉनेटपासून हातभर होती. मग माझ्या लक्षात आलं की डाव्या बाजूचं त्यांना दिसतच नाहीसं झालंय. मी दवाखान्यातल्या आमच्या साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्याऐवजी मीच बोलू लागले, "डावीकडं सायकल आहे", "बैलगाडी येतेय". ते मुकाट्यानं गाडी आवरायचे. मागे पेशंट असला तरी मी डाव्या कडेवरची नजर हलवत नसे.

एका दुपारी रिकामी जीप घेऊन आम्ही कोल्हापूरजवळच्या कळंब्यापाशी आलो. शाळा सुटली होती. "मामू, पोरं," मी म्हटलं. त्यांनी गाडी अलगद कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"म्हैनाभर रस्ता तुमीच बोलताय, बाई."

मी शाळेतून येणाऱ्या पोरांकडं बघू लागले.

"मला वाटलं, तुमी साहेबाला सांगशीला. तुमाला वाटलं, मी सांगीन. आन् मागं बाळंतीण झोपलेली."

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मला गाडी चालवता येत नव्हती. जीप तिथंच सोडून आम्ही शहराकडं चालत निघालो. डावीकडून एक ट्रक अगदी जवळून गेला, तेव्हा मामू जागच्या जागी थबकले. मी त्यांचा दंड धरला. कोल्हापूर येईपर्यंत मी तो सोडला नाही, आणि त्यांनीही सोडवून घेतला नाही.