कॅरिअरवरचा असोला

बाबांनी परवानगी दिली होती ती श्रीवर्धनपर्यंतची. पनवेलहून सायकलने कन्याकुमारीला जायचंय, हे मी त्यांना जेवताना सांगितलं. ताटातली नजर न काढता ते म्हणाले, आधी आत्याकडे जा, ती हो म्हणाली तर पुढे. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती ज्याला नाही म्हणते, ते आमच्या घरात होत नाही.

मुरुडला मुक्काम केला, पुढची खाडी फेरीबोटीने ओलांडली आणि बोर्ली पंचतनच्या बाजारातून वाट काढत श्रीवर्धनला पोहोचले, तेव्हा आत्या खळ्यात सुपाऱ्या पसरत होती. तिने आधी सायकल पाहिली, मग माझी सायकलची चड्डी, आणि म्हणाली, पाय धुऊन ये.

बाबांनी तिला फोनवर आधीच सांगितलं होतं, तरी कन्याकुमारीचा विषय निघालाच नाही. मी काढला नाही, मला असे विषय काढता येत नाहीत. ती आईच्या गुडघ्यांबद्दल विचारत राहिली. शेजारणीला तिने एवढंच सांगितलं की भाची आलीय, सायकलवरनं.

"का गो, एस्टी बंद हाय काय?" शेजारीण मला म्हणाली.

आत्या हसली. मला हसली की शेजारणीला, ते कळलं नाही.

शेवटी एका सकाळी मी पिशव्या सायकलला बांधायला घेतल्या. आत्याने ते पाहिलं आणि पाट मांडला. कुंकू लावलं. माझ्याकडे ओढणी नव्हती, म्हणून मांडीवरच्या टॉवेलातच ओटी भरली. तांदूळ आणि खण घालून झाल्यावर तिने देवाजवळचा सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ उचलला. हातात थोडा वेळ धरला आणि परत ठेवला. मग पडवीत गेली आणि तिथल्या ढिगातून असोला घेऊन आली. पूर्ण सालीसकट, माझ्या हेल्मेटएवढा.

"ओटीचा आहे. वाटेत कोणाला द्यायचा नाही. घरी जाऊन गोड करून खा."

मला त्यातलं 'घरी जाऊन' तेवढं ऐकू आलं. म्हणजे नाही म्हणाली का? मी विचारायला तोंड उघडलं, पण ती काथ्याने नारळ कॅरिअरला बांधत होती. चाकात दोरी जाईल, बाजूला हो, असं म्हणाली. त्यावर पुन्हा विचारायचा धीर मला झाला नाही.

पनवेलहून निघताना वजन नको म्हणून मी एकुलतं एक पुस्तकही घरी ठेवलं होतं. आता मागे हे ओझं. आळीच्या तोंडाशी रस्ता दोन्हीकडे जातो, डावीकडे दिघीमार्गे परत घरी आणि उजवीकडे बागमांडल्याच्या जेटीला, म्हणजे पुढे दक्षिणेला. मी उजवीकडे वळले. ठरवलं काहीच नव्हतं. जेटीपर्यंत ठरेल, असं वाटलं.

पण तसं झालं नाही. तिथे दोन बायका मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन फेरीबोटीची वाट बघत बसल्या होत्या.

"घरात सोलायला कोण न्हवतं काय गो?" एकीने विचारलं.

ओटीचा आहे, मी म्हणाले.

"ओटीत असोला कोण घालतं?"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मला काय माहीत? आमच्या घरी ओटी म्हणजे लग्नाच्या व्हिडिओत दिसणारी गोष्ट.

मी बाजूला जाऊन बाबांना फोन लावला. आत्या काय म्हणाली, त्यांनी विचारलं. काहीच नाही, ओटी भरली आणि नारळ घरी जाऊन खा म्हणाली, असं मी सांगितलं.

"मग ये परत," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखे वाटले.

बरं, म्हणाले मी. नेहमी तेच म्हणते. मग आठवलं म्हणून विचारलं, की नारळ असोला आहे, फार जड होतोय, इथे कोणाकडून सोलून घेऊ का?

"असोला दिला तिने? सोललेले नव्हते?"

"होते. एक उचलून परत ठेवला."

बाबा आत्याच्या त्या वाडीतच वाढलेत. ते म्हणाले, "सोलू नकोस. सोललेला दोन-तीन आठवड्यांत कुजतो. असोला महिनोन्महिने टिकतो."

"म्हणजे?"

"म्हणजे टिकतो. दोरी घट्ट आहे ना, बघ." आणि फोन ठेवला.

मी दोरी बघितली. घट्ट होती. परत ये, हे त्यांनी मागे घेतलं की नाही, हे काही मला कळेना. आत्याने खरंच मी कन्याकुमारीहून घरी पोहोचेपर्यंतचा हिशेब केला होता, की देवाजवळचा नारळ तिला दुसऱ्या कशासाठी हवा होता? तिला फोन करावासा वाटला. केला असता तर ती काहीतरी म्हणाली असती, आणि ते काहीतरी 'नाही' असू शकलं असतं. मी केला नाही.

बोट लागली. आधी टेम्पो चढला, मग मोटरसायकली. दोर धरून उभा असलेला माणूस म्हणाला, "मॅडम, येताय की उभ्याच?"

मी सायकल आत ढकलली. त्या दोघींनी टोपल्या सरकवून कठड्यापाशी जागा केली. बोट वळताना सायकल कलली, तेव्हा एकीने बोलता बोलता हात पुढे करून नारळ धरला आणि पलीकडचा काठ येईपर्यंत तसाच धरून ठेवला.