गाडीवर आधी मी बसणार

आमच्या जुन्नरच्या गॅरेजात दोन गोष्टी गळतात: शॉकअपचं ऑइल आणि गिऱ्हाइकांची तोंडं. ऑइल मी सील बदलून थांबवते. तोंडं कशाला थांबवायची? इतके किस्से साठलेत, की पाना खाली ठेवला की एखादा सांडतोच!

मी फक्त मोठ्या, वेगाच्या गाड्यांचे पुढचे शॉकअप खोलते. कुठे शिकले? खोलून. बिघडवून. पुन्हा खोलून. कायदा एकच: मी खोललेल्या गाडीवर आधी मी बसणार, घाटघरच्या रस्त्याला नेऊन आणणार, मगच मालकाच्या हातात किल्ली. काही सुटलं तर आधी माझी हाडं!

नेमकं या हाडांवरच माझ्या मुलाचं, संजयचं, लक्ष. तोही इथंच काम करतो. एके दिवशी म्हणाला, "आई, सत्तरी झाली. टेस्ट राइड बंद!" आणि माझं हेल्मेट कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात!

* * *

शॉकअप बसवल्यावर, राइडच्या आधी, आम्ही मालकाला उभ्या गाडीवर बसवतो. जाकीट, हेल्मेट, पाठीवरची बॅग, सगळ्यासकट. त्याच्या वजनानं गाडीचं नाक किती दबतं ते टेपनं मोजायचं आणि त्या हिशेबानं स्प्रिंग आवळायची.

पुण्याचा एक पावणा आला, अंगानं भारदस्त. सोबत मित्रमंडळी. मी टेप लावली, तर राव पोट आत ओढून, श्वास रोखून बसलेला!

"भाऊ, मी फोटो काढत न्हाई. श्वास सोडा."

"सोडलाय की."

"मग तोंड जांभळं का झालंय?"

* * *

बेल्ह्याच्या बाजारातला एक व्यापारी. हौसेनं रेसची गाडी घेतली आणि टाकीवर शेळी आडवी टाकून हिंडायला लागला! "काकू, ब्रेक दाबला की नाक पार खाली जातंय."

"शेळीसकट बसा," मी म्हणाले.

बसला. शेळीनं माझी टेप चावली, पण माप घेतलंच!

पुढच्या बाजाराला पुन्हा हजर. "काकू, गाडी लई ताठ झाली, मनगटं दुखत्यात."

"शेळी कुठंय?"

"इकली."

"मग दुसरी घ्या!"

* * *

हेल्मेट कपाटात गेल्यावर पहिलीच गाडी तयार झाली ती त्या पुण्याच्या पावण्याची. राइडला संजय गेला. आला.

"कशीय?"

"बरीय."

"बरीय? हे आमटीला म्हणतात! खड्ड्यात हातांना काय कळलं? ब्रेकला नाक कितपत गेलं?"

"तसं लक्ष न्हाई दिलं, आई."

पावण्यानं हे ऐकलं आणि बाकावर बसकण मारली. "काकू बसल्याशिवाय मी गाडी नेणार नाही."

"मग बसा इथंच!" संजय तडकला.

बसला की! चहा झाला, जेवण झालं. संध्याकाळी गाडी इथंच सोडून एसटीनं गेला. मग मीही पाना ठेवला. "मला बसू देणार नसशील, तर मी खोलणार पण न्हाई!"

दोन कामगारांच्या गॅरेजात एकीचा संप!

* * *

रविवारी सकाळी बघते तर गॅरेजचं शटर अर्धं वर. वाकून आत शिरले.

संजयची स्वतःची गाडी मधोमध उभी. पुढचे शॉकअप खोलून, पुसून, पुन्हा बसवलेले. सीटवर कांद्याची गोणी, दोरीनं आवळलेली. गोणीच्या अंगात माझं जाकीट. वर माझं हेल्मेट! आणि संजय गुडघे टेकून पुढच्या चाकापाशी टेप धरून बसलेला.

"हे काय रे?"

"काट्यावर तोलून भरलीय. तुझ्याएवढीच." त्यानं मान वर केली नाही. "तुला बसवलं असतं तर तुला कळलं असतं ना."

"गाडी तुझी आणि स्प्रिंग माझ्या वजनाला? तू कसा बसशील मग?"

"मी न्हाई बसणार. घाटघरला तूच ने."

मी पुढं झाले. दोरी सोडली, हेल्मेट उचललं आणि गोणीला म्हणाले, "ऊठ बाई! माझी जागा हाय ती."