तेरा पेट्या, सहा पिना

मी फौजेत इंजिनिअर रेजिमेंटला होतो. अठरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो. पूल बांधणं, सुरुंग पेरणं आणि पेरलेले सुरुंग परत काढणं, हे आमचं काम. लोकांना वाटतं फौजी माणूस कशालाच भीत नाही. मी मोजणीला भितो. गॅस बंद केला का ते तीनदा पाहतो. कुलूप ओढून फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. माझी बायको मंगल म्हणते, "तुमच्यासंगं गावाला निघण्यापरीस लग्नाचं वऱ्हाड काढलेलं बरं."

मागच्या वर्षी करमाडला मेहुण्याच्या गोठ्यात पडलेली सासऱ्यांची मोटरसायकल टेम्पोत घालून गारखेड्याला आणली. साडेतीनशे सीसी, माझ्याहून चार वर्षांनी लहान. अंगभर गंज आणि सीटखाली उंदराचं बाळंतपण झालेलं. मी आयुष्यात कधी इंजिन उघडलं नव्हतं. तरी कामाला शिस्त लावली. रोज सकाळी सहा ते नऊ. अंगणात ताडपत्री, तिच्यावर एकेक पार्ट, प्रत्येकाला चिठ्ठी, आणि सगळ्याची वहीत नोंद.

चिकलठाण्याचे रफिकभाई आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. ते दर रविवारी येऊन माझ्या चुका काढत. चाकांच्या आणि ब्रेकच्या सहा नटांत आरपार घालून टोकं वाकवायच्या पिना असतात. त्या दाखवून ते म्हणाले, "हवालदारसाब, नट कितीबी कसा. पिन नसंल तर त्येचा भरोसा नाय. गाडी हादरती, नट आस्ते आस्ते फिरतो, आन् तुमाला पत्ताबी लागत नाय."

मी सहा नव्या पिना आणल्या. वहीत सहा ओळी आखल्या.

सात महिन्यांनी एका शनिवारी गाडी सुरू झाली. गल्ली गोळा झाली, मंगलनं नारळ फोडला. रविवारी सकाळी मुलगी मनीषा म्हणाली, "पप्पा, मामाला दाखवून येते." ती शेंद्र्याला कारखान्यात नोकरी करते, रोज त्याच रस्त्यानं जाते, गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवते. सात वाजून पाच मिनिटांनी ती निघाली.

सात वीसला मी ताडपत्री झटकली. खण्णकन एक पिन फरशीवर पडली. नवी कोरी.

वही उघडली. सहाच्या सहा ओळींपुढं खुणा होत्या. तेव्हा आठवलं. पिना बसवायला घेण्याआधीच मी ओळीनं सगळ्या खुणा केल्या होत्या, काम झाल्यात जमा म्हणून. मागच्या ब्रेकचा दांडा बसवताना कुणीतरी हाक मारली आणि मी पिन न घालताच उठलो. त्या दांड्याचा नट निसटला तर ब्रेक दाबताच मागचं चाक जाम होतं.

माझी पाचावर धारण बसली. मनीषाला फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. पुन्हा रिंग. पिन खिशात टाकली, पाना घेतला आणि मंगलची स्कूटी काढली.

जालना रोडला लागलो आणि जे कधी आठवायचं नाही असं ठरवलं होतं, ते सगळं समोर आलं.

आम्ही तेव्हा राजस्थानच्या सीमेवर होतो. तणाव निवळला होता, पेरलेले सुरुंग काढायचा हुकूम होता. मी लान्स नायक, मोजणी माझ्याकडं. त्या पट्ट्यात रेकॉर्डप्रमाणे पासष्ट सुरुंग. काढलेले सुरुंग एका पेटीत पाच, म्हणजे तेरा पेट्या. अकरा वाजता मी पेट्या मोजल्या. तेरा भरल्या. ऊन असं की लोखंडाला हात लागत नव्हता. मी झाकणं उघडली नाहीत.

वायरलेसवर साहेबांनी विचारलं, "काउंट?"

"पैंसठ, साहब. पूरा."

"पक्का?"

"पक्का, साहब."

मग पट्ट्याभोवतीच्या कुंपणाचे खांब उपटायला नायक रंगनाथ दांडगे आत गेला. भोकरदनकडचा. मला सुरुंग हाताळायला त्यानंच शिकवलं होतं. तारेजवळ पोचल्यावर मागं वळून ओरडला, "चहा ठीव रं!" अकरा चाळीसला स्फोट झाला.

संध्याकाळी मी पेट्या उघडल्या. नवव्या पेटीत चार होते.

चौकशी झाली. सुरुंग वाळूत सरकला असेल असं ठरलं, आणि वाळूत सुरुंग सरकतात हे खरंच आहे. मला एकच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "मोजले होते, साहेब." पेट्या मोजल्या होत्या.

चिकलठाण्याच्या पुढं रस्त्यावर गर्दी दिसली. लोक वाकून काहीतरी पाहत होते. स्कूटी थांबवताना ती आडवीच झाली. माणसं बाजूला सारून आत पाहिलं. पंक्चर झालेली जीप होती. एकजण म्हणाला, "काका, काय झालं? पानी पिता का?" मी स्कूटी उचलली. पुढं निघालो. वाटेत देवाला म्हणालो, माझं काय करायचं ते कर, पोरीला हात लावू नको.

करमाडच्या अलीकडं, सात बावन्नला, निंबाखाली गाडी दिसली. मनीषा शेजारी उभी होती. धड, उभी.

"मागून खडखड वाजायलं म्हणून थांबले. फोन डिक्कीत होता, पप्पा. अन् तुमी असे का दिसायलात?"

मी गुडघ्यावर बसलो. नट शेवटच्या दोन आट्यांवर लोंबत होता. बोटानं ढकलला असता तर पडला असता. तो कसला, पिन घातली. टोकं तिनंच वाकवली. मग मी तिथंच रडलो, आणि रस्त्याच्या कडेला बसून तिला रंगनाथचं सगळं सांगितलं. मंगललाही कधी सांगितलं नव्हतं.

तिनं पाना पुसून डिक्कीत ठेवला. मग म्हणाली, "रंगनाथकाकांच्या आईला हे माहीत हाय?"

"नाय."

"दर दिवाळीला जाता की तिथं."

"व्हय."

"मग सांगा, पप्पा."

पुढच्या रविवारी मी एकटाच भोकरदनकडं गेलो. सुरुंगाला भ्यालो नसेन इतका त्या उंबऱ्याला भ्यालो. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत होती. आता तिला नीट दिसत नाही, पण आवाजावरून ओळखलं. "ये बाळा." मी बसलो आणि सांगितलं. पासष्ट, तेरा पेट्या, नववी पेटी. चौकशीत काय बोललो, तेही. काही राखलं नाही.

तिचे हात थांबले होते.

"त्या पेटीचं झाकण उघडाया किती येळ लागतो रं?"

"दोन सेकंद, आई."

तिनं मान हलवली. "चहा ठीव म्हनला व्हता म्हन की तो. तू सांगितलं व्हतंस."

"व्हय."

"ठिवला व्हतास?"

"ठेवला होता."

तिनं शेंगांचं सूप उचललं आणि भिंतीला धरत आत गेली. मी ओट्यावर ऊन येईपर्यंत बसून राहिलो. इतक्या वर्षांत त्या घरातून मी कधी उपाशी परतलो नव्हतो. त्या दिवशी तिनं जेवून जा म्हटलं नाही.