विलार्देलांचं रक्त

झोफ्रे विलार्देलने ती गोष्ट रेमेयला गोठ्याच्या दारात उभं राहून सांगितली. तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत गाईच्या पोटात होता आणि वासरू आडवं आलं होतं. बोलायची वेळ निवडणं या माणसाला जन्मात जमलं नाही.

"शुक्रवारी नोटरीकडे जातोय," तो म्हणाला. "उद्या मठाच्या दफ्तरात घराण्याचा शेवटचा दुवा मिळाला, की घर इग्नासीच्या नावावर. नाही मिळाला तर बघू."

"पाय लागला हाताला," रेमेय म्हणाली. "दोर द्या इकडे."

त्याने दोर दिला. दोघांनी मिळून वासरू ओढून काढलं. ते जिवंत होतं. रेमेयने गवताने त्याचं नाक पुसलं, हात धुतले आणि झोफ्रेकडे न बघता ती घरात गेली. मी अंडी घेऊन आले होते, सगळं ऐकलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"लाज नाही वाटत?" मी म्हणाले.

"एंग्रासिया, तू शेजारीण आहेस. शेजारणीसारखी वाग."

"तेच करतेय. गप्प बसायला मी काय तुझी गाय आहे?"

रेमेय त्याची पोटची नव्हे. असुम्ताची, म्हणजे त्याच्या बायकोची, पहिल्या नवऱ्यापासूनची मुलगी. नऊ वर्षांची असताना आईचा हात धरून या घरात आली. झोफ्रेला स्वतःचं मूल झालं नाही. असुम्ता गेली, झोफ्रेची कंबर गेली, आणि गाई, कुरणं, डुकरं, छपराची गळती सगळं रेमेयच्या गळ्यात पडलं. तिने ते कुरकुर न करता ओढलं. आता चाळिशी उलटली तिची. इग्नासी हा झोफ्रेच्या धाकट्या भावाचा मुलगा, बार्सेलोनात राहतो, उन्हाळ्यात येतो आणि गोठ्यात जाताना नाकाला रुमाल लावतो. तो वाईट नाही. पण त्याला या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या, आणि तसं झालं तर गाई विकल्या जाणार होत्या आणि रेमेयने कुठे जायचं, हे कोणीच बोलत नव्हतं.

झोफ्रे बापाच्या शब्दाला बांधलेला होता. म्हाताऱ्याने मरताना त्याच्याकडून वदवून घेतलं होतं, की आठशे वर्षं या चुलीपुढे विलार्देलांचंच रक्त बसलंय, ते तुझ्या हातून तुटता कामा नये. आठशे हा आकडा म्हाताऱ्याने कुठून आणला ते कोणी विचारलं नाही. झोफ्रेला मात्र तो पडताळून बघायचा होता. सत्तरी ओलांडल्यावर हा माणूस भिंग घेऊन जुनी अक्षरं लावायला शिकला. ज्या हाताला कुऱ्हाडीशिवाय काही ठाऊक नव्हतं, तो हात चामड्याचं पान बोटांच्या टोकांनी उलटायचा, हे मी पाहिलंय. तेवढ्यासाठी मला त्याचं कौतुक वाटायचं, बाकी सगळ्यासाठी संताप यायचा.

आमच्या खोऱ्यातली जमीन पूर्वी मठाची. दर पिढीला कूळ मठाच्या लेखनिकापुढे उभं राहायचं, बायबलवर हात ठेवायचं आणि सांगायचं, हे घर मठाचं, मी ते कसतो, ते मला बापाकडून आलं, बापाला त्याच्या बापाकडून. ती कबुली लिहून ठेवायची. मठ कधीच ओस पडला, पण ते दफ्तर तालुक्याच्या गावी बिशपच्या वाड्यात आहे. झोफ्रे त्यातून बापाचा बाप, त्याचा बाप असा मागे मागे गेला होता. अलीकडून पेरे विलार्देलपर्यंत जाऊन पोचला आणि पलीकडे, प्लेगच्या मोठ्या मरीच्या आधी, एक बेरेंगेर विलार्देल सापडला. मधे फक्त एक माणूस हवा होता.

गुरुवारी मी त्याला गाडीतून नेलं, कारण डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायची मनाई केली होती. दफ्तरखोलीत फादर गाल्देरिक दफ्तर काढून बसले होते. झोफ्रेला नावं लावता यायची, लॅटिन नाही, म्हणून वाचायचं काम फादरचं.

"सापडलं," फादर म्हणाले. "मागच्या वेळी दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. पेरेचा बाप आर्नाउ. आर्नाउ विलार्देल."

झोफ्रेने टेबलाची कड धरली. "आणि आर्नाउचा बाप बेरेंगेर."

माझ्या डोळ्यांसमोर रेमेय आली, असुम्ताची जुनी हिरवी बॅग भरून घराबाहेर पडणारी.

फादरनी चष्मा कपाळावर नेला आणि पुन्हा खाली आणला. "तसं लिहिलेलं नाही, झोफ्रे."

"मग कसं लिहिलंय?"

"मरीत विलार्देल घरातले सगळे गेले. बेरेंगेर, त्याची बायको, मुलं, सगळे. घर रिकामं पडलं, छप्पर बसलं. मग मठाधिपतींनी ते आर्नाउ नावाच्या मेंढपाळाला दिलं. डोंगरापलीकडून आलेला. बापाचं नाव नाही. अट अशी, की त्याने स्वतः घरात राहावं, चूल पेटती ठेवावी, गुरं पाळावीत, आणि त्याने व त्याच्या मुलांनी घराचं नाव लावावं."

"पुन्हा वाचा."

फादरनी पुन्हा वाचलं.

"तुमचा चष्मा बदला," झोफ्रे म्हणाला. "पुन्हा."

तिसऱ्यांदाही आर्नाउला बाप मिळाला नाही. मला हसू फुटणार होतं. अरे, आमच्याकडे माणसं घराचं नाव लावतात, घर माणसांचं लावत नाही! मुलगा नसला की घर मुलीकडे जातं आणि जावई आपलं नाव उंबऱ्याबाहेर ठेवून आत येतो. माझा नवरा तसाच आला होता आणि मेला तोही माझ्या घराच्या नावाने. हे ज्याच्या डोळ्यांसमोर आयुष्यभर घडलं, तो नाव सारखं दिसलं म्हणून रक्त सारखं धरून चालला होता. पण मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझं हसू घशातच राहिलं. खुर्चीत मावायचा नाही एवढा मोठा माणूस, तो एकदम लहान दिसायला लागला.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "मग मी कोण?"

"पट्टा न लावता बसलेला म्हातारा. पट्टा लाव."

त्याने लावला.

घरी पोचलो तर इग्नासी आलेला होता. मोजपट्टी घेऊन वरच्या खोल्या मापत होता. रेमेयने टेबल मांडलं होतं, सूप, घेवडा, सॉसेज, टोमॅटो चोळलेला पाव. चार ताटल्या होत्या, म्हणजे मलाही धरलं होतं. मी बसले. अशा वेळी उठून जाणारी मी नव्हे.

झोफ्रेने उभ्यानेच सगळं सांगितलं, मरी, रिकामं घर, मेंढपाळ. काही लपवलं नाही.

मोजपट्टी गुंडाळत इग्नासी म्हणाला, "काका, ते पान कोण बघायला जाणार आहे? इकडे बेरेंगेर, तिकडे पेरे. मधलं एक सोडून द्यायचं. नाव तर एकच आहे ना? दारावर पाटी तशीच लावू."

"माझ्या बापाला दिलेल्या शब्दात मी एक सोडून देऊ?"

"तसं नाही हो—"

"जेव आणि जा."

इग्नासी न जेवताच गेला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि झोफ्रे रेमेयकडे वळला. एखादं अवघड काम एकदाचं उरकावं तसा तो बोलला.

"घर तुझ्या नावावर करतो. उद्याच. आर्नाउलाही असंच मिळालं होतं. दफ्तरात आहे."

मला वाटलं, ती रडेल. मीच रडायच्या बेतात होते.

रेमेयने पळी भांड्यात ठेवली. "मला नको."

"काय?"

"ऐकू आलं तुम्हाला. मला नको. मेंढपाळाला मिळालं म्हणून मला नको." तिचा आवाज चढला नाही, त्याने जास्त भीती वाटली. "मला एक सांगा. त्या पानावर आज वेगळं निघालं असतं, आणि फादर म्हणाले असते, आर्नाउ बेरेंगेरचा मुलगा. मग? उद्या तुम्ही इग्नासीसाठी सही केली असती?"

मी टेबलाखालून त्याच्या पायाला पाय मारला. नाही म्हण, गाढवा. एवढं एकदा खोटं बोल.

"हो," झोफ्रे म्हणाला. "केली असती."

"आणि मी?"

"त्याचा विचार मी केला नव्हता." "करायला हवा होता. जमलं नाही. विचार करायला लागलो असतो तर सही झाली नसती, म्हणून केला नाही."

गोठ्यातून कालचं वासरू हंबरलं.

"तुम्ही मला कधी काही विचारलंच नाहीत," रेमेय म्हणाली. "इतक्या वर्षांत. आई गेली तेव्हा सुद्धा विचारलं नाहीत, की राहतेस का. तुम्ही धरून चाललात. आजही सांगताय, उद्या नोटरीकडे. विचारत नाही आहात."

झोफ्रेने पुढ्यातली खुर्ची धरली. हा माणूस उभ्या हयातीत कोणाकडे काही मागायला गेला नव्हता, असुम्तालासुद्धा मागणी त्याच्या बापाने घातली होती.

"राहतेस का?" तो म्हणाला. "दफ्तर मरू दे. मला तू हवी आहेस इथे, म्हणून विचारतो. राहतेस?"

रेमेयने एप्रन सोडून खुंटीला लावला.

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि दार उघडून कुरणाकडे निघून गेली.

तो तिच्यामागे दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. सूप गार झालं. कंबर दुखत असणार त्याची, पण मी त्याला बस म्हटलं नाही. ती परत येईपर्यंत तो दारात तसाच वाट बघत उभा होता.