रोहिणी मॅडमचा पाट

रोह्याच्या एका कॉलेजात मी झाडलोट करते, पाणी भरते. नाव हौसा. माझं जाऊ द्या, सांगायचंय ते रोहिणी मॅडमचं. पेणजवळच्या हमरापूरची पोर, घरात गणपतीचा कारखाना. पेणवरनं रोज येते, अकाउंट शिकवते. पगार तासावर, आणि दर जूनला विभागप्रमुख ‘ठेवा’ म्हणाले तरच नोकरी.

आणि विभागप्रमुख कोण? हैबतराव सर! तोंडाचा पट्टा सुटला की समोर कोण हाय ते बघायचं नाय. एकदा तर मॅडमचा तास चालू असताना वर्गात घुसले आणि पोरांसमोर म्हणाले, “शिकवता येत नाही तर मूर्त्या रंगवा जाऊन. तीच तुमची लायकी.” मी दाराशीच होते, केरसुणी घेऊन. माझंच डोकं फिरलं.

मॅडम रडली नाय. तास पुरा केला आणि प्रिन्सिपलसाहेबांकडे तक्रार दिली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधनं तिची खुर्ची गायब! “तासावरच्यांना खुर्ची कशाला? तास घ्यायचा, निघायचं,” सर म्हणाले. बाकीच्यांनी पेपरात डोकी घातली.

मग मॅडम आली ती काखेत लाकडी पाट घेऊनच. कारखान्यातला, रंगाचे डाग पडलेला. सरांच्या टेबलासमोर मांडला आणि मांडी घालून पेपर तपासायला बसली. शंका विचारायला पोरं यायची, तीपण खालीच फतकल मारायची. सगळी जमिनीवर आणि सर एकटे खुर्चीत! अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू.

“हौसा, फेक तो पाट बाहेर!”

“नाय फेकणार. त्याच्यावर गणपती बसतात.”

“नोकरी घालवीन तुझी!”

“घालवा. केरसुणी काय, कुठंपण फिरवीन मी.”

आरडाओरडा ऐकून प्रिन्सिपलसाहेब आले. म्हणाले, “तक्रारीत लिहिलंय तसं सर वर्गात बोलले, ते ऐकलं कुणी?”

“मी ऐकलंय,” मी म्हटलं. मग खाली बसलेली पोरं एकेक करून उठली. “आम्हीपण.”

साहेब नरमले. “मॅडम, खुर्ची देतो. मिटवा आता.”

“खुर्ची नको, साहेब. जिथे बोलले तिथेच माफी मागू दे त्यांना. नाहीतर तक्रार विद्यापीठात जाईल.”

“जूनचा विचार केलात का?” हैबतराव गुरकावले.

“केला. मूर्त्या रंगवीन. त्याची मला लाज कधीच नव्हती, सर. पण खाली मान घालून इथे येणार नाही.”

वाटलं, शाब्बास गो पोरी!

शेवटी साहेबांनी सरांना माफी मागायला सांगितलं. शुक्रवारी वर्ग खच्चून भरला. मॅडम पाट काखेत धरून उभी. सर आले, फळ्याकडे बघत पुटपुटले, “चुकलं माझं.” आणि लगेच निघायला वळले.

दारात मी होते. हलले नाय. मोठ्यानं म्हटलं, “सर, मागे ऐकू नाय आलं!”