सायलेन्सरचा क्लॅम्प

परवा कुडाळच्या बाजारात एक जुनी गाडी फटफटत शेजारून गेली, जळक्या पेट्रोलचा वास नाकात शिरला आणि मला आमची लाल गाडी आठवली. एकदा तिच्या सायलेन्सरचा जोड सैल झाला होता, म्हणून माझ्यासाठी साडी घ्यायला निघालेले आम्ही दोघं आधी स्पेअर पार्टच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने ग्रीसने चिकट झालेल्या काउंटरवर जोड आवळायचे क्लॅम्प मांडले. ह्यांनी एकेक उचलून पाइपच्या तुकड्यावर चढवून पाहिला, कडेवरून हळुवार बोट फिरवलं. "ह्यो पायपाक चेपतलो. रुंद पट्टीचो दाखव, आणि स्टीलचो. खाऱ्या वाऱ्यान दुसरो गंजतलो," असं म्हणत त्या बिचाऱ्याला माळ्यावर चढायला लावलं. मी घामाघूम होऊन बघत राहिले. नंतर साडीच्या दुकानात मी एक निळी आणि एक आमसुली खांद्यावर टाकून कुठली घेऊ असं विचारलं, तर हे दाराबाहेरच्या गाडीकडे बघत म्हणाले, "खंयचीय घे गो, काय फरक पडता?" माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "मगे तिकाच नेसवा," म्हणत मी उठले. "कोणाक?" मी गाडीकडे बोट दाखवलं. हे लाजल्यासारखे हसले, पण नाही म्हणाले नाहीत. गेल्या वर्षी आम्ही ती गाडी विकली, तर त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी माहेरी गेले की मात्र दोन्ही वेळा पोटभर जेवतात, असं शेजारीण सांगते.