वन्संनी खोडलेला आकडा

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला, खोटं बोलता येत नाही. हा गुण लांबून फार छान दिसतो. एका घरात राहून बघा, मग कळेल! लग्नानंतर मी पहिल्यांदा भाजी केली, तर बाई एक घास खाऊन म्हणाल्या, "मीठ दुप्पट पडलंय." जरा जास्त नाही, दुप्पट. मी आठवडाभर बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आमचं गॅरेज आहे. हे इंजिनं खोलतात, मी फोन नि गिऱ्हाइकं सांभाळते आणि वन्सं गाड्यांची ताकद मोजतात. त्यासाठी साबणाच्या वडीएवढं एक यंत्र आहे, रबरी चकतीनं काचेला चिकटवायचं. त्यात गाडीचं वजन घालायचं आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट सोडायची. गाडी किती झपाट्यानं वेग घेते ते यंत्राला कळतं आणि त्यावरून इंजिनात किती हॉर्सपॉवर उरलीय ते ते सांगतं. वन्सं एकदा जाताना मोजतात, एकदा येताना. एकाच बाजूनं मोजलं तर उतार नि वारा आपलंच घोडं पुढे दामटतात, म्हणतात.

एकानं मोठ्या हौसेनं भला थोरला सायलेन्सर बसवून आणला होता. वन्सं दोन फेऱ्या मारून आल्या आणि म्हणाल्या, "पॉवर दोननं घटलीय. आवाज वाढलाय." आमच्या ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. पण पंचक्रोशीत कुणाचं गाडीवरून भांडण झालं की लोक म्हणायचे, बाईंकडे जा, त्या सांगतील ते खरं.

म्हणूनच हॉस्पिटलनं ती ॲम्ब्युलन्स त्यांच्याकडे पाठवली. टेकडीपलीकडच्या वस्तीतून एका म्हाताऱ्या गृहस्थांना आणताना उशीर झाला आणि ते वाटेतच गेले. नातेवाइकांची तक्रार, ड्रायव्हरनं चढावर गाडी रेंगाळत नेली. ड्रायव्हर म्हणत होता, मी पाय पूर्ण दाबला होता, गाडीच ओढत नव्हती. आता खरं कोण, ते यंत्रानं सांगायचं.

वन्संनी मोजलं. कागदावर शंभर हॉर्सपॉवर, यंत्रावर एक्क्याण्णव. जुन्या गाडीला एवढी घट चालायचीच. "इंजिन ठीक" असं लिहून त्यांनी सही केली आणि त्या कागदावर हॉस्पिटलनं ड्रायव्हरला घरी बसवलं.

तीन आठवड्यांनी त्याच हॉस्पिटलची दुसरी ॲम्ब्युलन्स सर्व्हिसिंगला आली. तिच्यासोबतचा अटेंडंट माझ्यासमोर बसून कंबर चोळत होता. मी सहज विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "काय सांगू ताई, गाडी गॅरेजला द्यायची म्हटली की आधी सिलेंडर, स्ट्रेचर, खोकी सगळं उतरवायचं. वस्तू हरवली तर आमच्या डोक्यावर!"

मागे वन्सं उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा उतरला की मी खुर्चीच पुढे केली.

"दर वेळी उतरवता?" त्यांनी विचारलं.

"दर वेळी."

त्यांनी वही काढली. त्या ॲम्ब्युलन्सचं वजन त्यांनी मोजणीच्या आदल्या आठवड्यात, गाडी ड्युटीवर असतानाच, काट्यावर करून आणलं होतं, सगळ्या सामानासकट, तीन हजार किलो. तेच यंत्रात घातलं होतं. आणि मोजणीच्या दिवशी गाडी मागून रिकामी होती. सामानाचे साडेतीनशे किलो गाडीत नव्हतेच! हलकी गाडी झपकन पळाली आणि यंत्राला वाटलं, केवढं ओझं ओढतंय हे इंजिन. वन्संनी कागदावर गुणाकार केला. एक्क्याण्णवचे ऐंशी झाले.

"मी मागचं दार उघडून बघितलं नाही गं," त्या म्हणाल्या. एवढंच.

हे ऐकून आमचे हे हादरले. "ताई, अगं, कोण विचारतंय आता? हॉस्पिटल आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक! आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कशाला?"

"मी लिहिलंय ना? मग मीच खोडणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या वाहन-अधिकाऱ्यांसमोर त्या उभ्या राहिल्या. मीही गेले. खरं सांगते, त्यांना आवरायला गेले होते. साहेब चिडलेच. "तेव्हा एक्क्याण्णव, आज ऐंशी. मी कुठला आकडा खरा धरू?"

"माझा कुठलाच धरू नका," वन्सं म्हणाल्या. "गाडी भरा, काट्यावर वजन करा आणि त्या चढावर तुम्हीच चालवा."

साहेबही हट्टाला पेटले. सिलेंडर, स्ट्रेचर, खोकी चढवली, मागे दोन अटेंडंट नि आम्ही दोघी असे चौघं बसलो आणि साहेब स्टीअरिंगवर. चढ लागला. गाडी कण्हायला लागली. वेगाचा काटा अडतिसावर आला नि तिथेच रुतला.

"दाबा हो साहेब," वन्सं शांतपणे म्हणाल्या.

"दाबलाय की!"

"आणखी दाबा."

"अहो, बाई, पाय जमिनीला टेकलाय!"

आणि एकदम त्यांनी आपल्याच पायाकडे बघितलं. मागून एक स्कूटरवाला डबलसीट येत होता, तो बराच वेळ आम्हाला दिसत राहिला.

खाली आल्यावर साहेबांनी तिथेच बॉनेटवर कागद ठेवून ड्रायव्हरला परत घेण्याचा हुकूम लिहिला. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "पण यापुढे आमच्या गाड्या तुमच्याकडे येणार नाहीत."

"बरोबर आहे," वन्सं म्हणाल्या. मला भोवळच यायची बाकी होती. बरोबर आहे काय, बरोबर आहे! पण त्या क्षणी मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला, की घरी जाऊन ह्यांना काय सांगायचं याची भीतीच मेली.

हुकूम पोचवायला हॉस्पिटलचा माणूस होता. तरी वन्सं स्वतः गेल्या, मला घेऊन. दोन खोल्यांचं घर. ड्रायव्हर दारातच बसला होता, दाढी वाढलेली. वन्सं उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "चूक माझी होती. इंजिनात वीस हॉर्सपॉवर कमी आहेत. भरलेली गाडी त्या चढावर अडतीसच्या वर जात नाही, पाय पूर्ण दाबला तरी. मी आज बघून आले."

नोकरीचं काही विचारलंच नाही त्यानं.

"तुमचा कागद वाचल्यापासून," तो हळूच म्हणाला, "मलाच वाटायला लागलं होतं, की दाबला नसेल मी."

त्याच्या शेजारी, धुळीच्या पायरीवरच, वन्सं मटकन बसल्या.

"दाबला होतात," त्या म्हणाल्या.

"परत सांगा."

"दाबला होतात, दादा."